हिरवळीचे गद्य

काही वर्षांपूर्वी एका वृत्तपत्राच्या पर्यटन पुरवणीसाठी मी एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणून दिली. विषय होता थायलंडमधल्या गोल्फ सहलींचा. गोल्फमधले मला ओ की ठो कळत नाही, हे मी आधीच सांगितले होते. ‘तुम्हाला भाषा कळते ना, मग झाले,’ असे उत्तर आले. पुस्तिका सोळा पानांची, काम दोन दिवसांचे; पण एका वाक्याने तिसरा दिवस खाल्ला.

वाक्य कॅडीविषयी होते. कॅडी म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी सांभाळणारे, अंतर सांगणारे, चेंडू शोधून देणारे माणूस. पुस्तिकेत म्हटले होते की थायलंडमध्ये कॅडी हसतमुख असते, उन्हात डोक्यावर छत्री धरते, आणि खेळ कितीही वाईट झाला तरी कौतुक करते. हे ‘असते’, ‘धरते’ मी आत्ता लिहिले. इंग्रजी शब्दाला लिंग नव्हते. शेजारच्या छायाचित्रात मात्र रुंद काठाची टोपी घातलेली तरुण बाई होती. इंग्रजी गद्याने जे झाकले ते चित्राने उघडे ठेवले होते, आणि मराठी क्रियापद मला दोहोंतून एक निवडायला लावत होते. ‘कॅडी हसतमुख असतो’ लिहिले तर चित्र खोटे ठरते. ‘कॅडी हसतमुख असते, छत्री धरते, कौतुक करते’ लिहिले, तर पुस्तिका नेमके काय विकते आहे ते मराठी वाचकाला एका दमात कळते. मी अनेकवचनात लपलो. ‘कॅडी हसतमुख व तत्पर असतात.’ वर्तमानकाळी अनेकवचनात लिंग विरघळून जाते. भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाला ही पळवाट ठाऊक असते.

त्या वाक्याची टोचणी राहिली म्हणून पुढे मी हे साहित्य जमवू लागलो. थायलंडच्या गोल्फ मैदानांच्या पुस्तिका, गुणपत्रिकांच्या मागचा मजकूर, विमानातल्या मासिकांतले लेख, आणि दुसऱ्या बाजूने या मैदानांविरुद्ध लिहिले गेलेले लेख व जाहीरनामे. हा लेख त्या दोन्ही प्रकारच्या गद्याचे वाचन आहे. पत्रकांवर समीक्षा खर्ची घालावी का, असे काहींना वाटेल. आपण कादंबऱ्यांना जेवढे प्रश्न विचारतो त्याच्या दहावा हिस्सा या मजकुराला विचारत नाही, आणि कादंबरी वाचून कोणी नदीचे पाणी वळवल्याचे माझ्या ऐकिवात नाही, एवढेच माझे उत्तर.

या गद्याची पहिली खोड अशी की त्याच्या वाक्यांना कर्ता नसतो. मैदान डोंगराच्या कुशीत ‘पहुडलेले’ असते, तळे ‘लकाकत’ असते, नारळी ‘झुलत’ असतात. कोणी खणले, कोणी लावले, आधी तिथे काय होते, हे विचारायला वाक्यात जागाच नाही. अपवाद एकाच माणसाचा, मैदानाच्या रचनाकाराचा. त्याचे नाव ठळक छापतात, आणि बहुतेक वेळा ते परदेशी असते. १९७५ साली गोल्फचा विश्वचषक बँकॉकच्या नवतानी मैदानावर झाला. त्या मैदानाचे रचनाकार अमेरिकेचे रॉबर्ट ट्रेंट जोन्स धाकटे. पुढच्या काळात जॅक निकलॉससारख्या गाजलेल्या खेळाडूंची नावेही थायलंडच्या मैदानांवर आली. पुस्तकावर लेखकाचे नाव असावे तसे हे नाव मैदानावर असते आणि त्याची किंमत शुल्कात धरलेली असते.

दुसरी खोड ऋतूची. पुस्तिका सांगतात की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वोत्तम काळ: आकाश निरभ्र, हवा कोरडी. खरेच आहे. पण निरभ्र आकाश म्हणजे पाऊस नाही. थायलंडचा पर्यटनाचा हंगाम आणि कोरडा ऋतू हे एकाच काळाचे दोन उल्लेख आहेत. पाहुणे सर्वांत जास्त आणि हिरवळ सर्वांत हिरवी हवी, तेव्हाच नद्या-धरणे उतरणीला लागलेली असतात. अठरा खळ्यांच्या एका मैदानाला साधारण सव्वाशे ते दोनशे एकर जागा लागते, आणि त्यातल्या बऱ्याच भागावर गवत पोसावे लागते. पुस्तिकेत प्रत्येक खळ्याची लांबी यार्डापर्यंत अचूक दिलेली असते. पाण्याचा आकडा मला आजवर एकाही पुस्तिकेत सापडलेला नाही.

हुआ हिनचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण थायलंडच्या गोल्फची कथा तिथूनच सांगण्याचा रिवाज आहे. बँकॉकच्या नैर्ऋत्येला, आखाताच्या काठावर हे गाव. रेल्वे तिथे १९११च्या सुमारास पोहोचली. १९२४ साली स्थानकाला लागूनच अठरा खळ्यांचे मैदान तयार झाले. रचना एका स्कॉटिश रेल्वे अभियंत्याची, ए. ओ. रॉबिन्स यांची. त्याच सुमारास रेल्वेने तिथे हॉटेल काढले. आगगाडी, हॉटेल आणि मैदान यांचे हे त्रिकूट आपल्याला माथेरान-महाबळेश्वरमुळे अर्धेअधिक ओळखीचे आहे. फरक असा, की इथे साहेब राज्यकर्ता नव्हता. सयामच्या राजघराण्याने साहेबाची हौस आपली म्हणून स्वीकारली. राजे प्रजाधिपोक यांनी हुआ हिनला राजवाडा बांधला, त्याचे नाव ‘क्लाय कांगवोन’. अर्थ, काळजीपासून दूर. २४ जून १९३२ रोजी बँकॉकमध्ये लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांनी अनियंत्रित राजेशाही संपवली, तेव्हा राजेसाहेब हुआ हिनला होते, आणि ही बातमी त्यांना गोल्फच्या मैदानावर कळली असे सांगितले जाते. जाहिरातींत हा प्रसंग येतो तो गमतीदार आठवण म्हणून. मला तो या सगळ्या वाङ्मयाचे बीजच वाटतो. पुढे लिहिल्या गेलेल्या प्रत्येक पुस्तिकेत ‘काळजीपासून दूर’ हे दोन शब्द या ना त्या रूपात आलेले आहेत.

आता याच हुआ हिनचा भूगोल. पश्चिमेला म्यानमारच्या सीमेवर तेनासरिमच्या डोंगररांगा, त्यांच्या पलीकडे नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोसळतो आणि अलीकडे ही किनारपट्टी कोरडी राहते. माण-खटावच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पर्जन्यछाया हा शब्द आपण शाळेतच शिकतो. थायलंडच्या सर्वांत कोरड्या पट्ट्यांपैकी हा एक. इथे ढगांवर फवारणी करून पाऊस पाडण्याचे सरकारी केंद्र आहे आणि या प्रांताचे, म्हणजे प्रचुआप खिरी खानचे, नावाजलेले पीक आहे अननस, कारण अननस कमी पाण्यावर निभावतो. त्याच पट्ट्यात आज मैदानांची रांग आहे. एका मैदानाच्या माहितीत अभिमानाने लिहिले आहे की ते जुन्या अननसाच्या मळ्यावर उभे आहे. वाक्याला अर्थातच कर्ता नाही. मळा ‘होता’, मैदान ‘आहे’.

विरोधाचे गद्य मी मोठ्या आशेने उघडले. त्याची पार्श्वभूमी थोडक्यात अशी: १९८५नंतर जपानचे चलन येन झपाट्याने वधारले, जपानमधल्या गोल्फ क्लबांचे सदस्यत्व सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेले, आणि थायलंडला जाऊन खेळणे स्वस्त पडू लागले. थायलंडने १९८७ हे पर्यटन वर्ष म्हणून साजरे केले. जमिनींचे भाव चढले, मैदान हे निमित्त आणि भोवतीचे बंगले हा खरा धंदा झाला. १९९२ साली ‘द इकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात अनिता प्लुमारोम यांचा थायलंडच्या गोल्फ पर्यटनावरचा लेख आला. या विषयावर पुढे लिहिणारे बहुतेक जण त्याच्या खांद्यावर उभे आहेत. पुढच्या वर्षी, २९ एप्रिल १९९३ रोजी, ‘जागतिक गोल्फविरोधी दिन’ पाळला गेला. जपान, मलेशिया आणि थायलंडमधल्या संघटनांनी मिळून जागतिक गोल्फविरोधी चळवळ उभी केली. त्याच सुमारास थायलंड दुष्काळातून जात होता आणि धरणे उतरल्याने शेतकऱ्यांना भाताचे दुसरे पीक घेऊ नका असे सांगितले जात होते. मैदानांवर फवारे चालू होते. चळवळीने पाण्याचा, कीटकनाशकांचा, जमिनीचा हिशेब मागितला. तो मागायलाच हवा होता.

तरीही समीक्षक म्हणून माझी तक्रार आहे. या जाहीरनाम्यांचे गद्यही कर्ता टाळते. जमिनी ‘बळकावल्या जातात’, शेतकरी ‘विस्थापित होतात’, पाणी ‘वळवले जाते’. ज्या वाक्यरचनेने पुस्तिकेने मळा नाहीसा केला, तिनेच जाहीरनाम्याने मळा नाहीसा करणाऱ्याला नाहीसे केले. आणि कॅडी? पुस्तिकेत ती हसू होती. इथे ती पुरावा झाली: कालची शेतकरी कन्या, आज परक्याची पिशवी उचलते. दोन्हीकडे ती तोंड उघडत नाही.

कर्ता असलेले गद्य मला शेवटी सापडले ते एका जमिनीच्या दाव्यात. बँकॉकच्या उत्तरेला पथुम थानी प्रांतात ‘अल्पाइन’ नावाचे मैदान आहे. २००० साली टायगर वुड्सने तिथे जॉनी वॉकर स्पर्धा जिंकली. ती जमीन मुळात एका वृद्ध उपासिकेची. तिने मृत्युपत्राने ती एका बौद्ध मठाला दिली होती, आणि तो मठ योगायोगाने हुआ हिनच्याच प्रांतातला. जमीन नऊशे रायहून अधिक, म्हणजे आपल्या साडेतीनशे एकरांच्या वर. मठाची जमीन अशी सहजासहजी विकता येत नाही. तरीही १९९०च्या सुमारास ती विकली गेली, तिच्यावर मैदान आणि बंगले उभे राहिले, आणि पुढे ती मालमत्ता थक्सिन शिनावात यांच्या कुटुंबाकडे आली. जमीन खात्याने हे हस्तांतर रद्द ठरवले. २००२ साली गृह खात्याचे तेव्हाचे प्रभारी सचिव योंगयुथ विचाईदित यांनी तो आदेशच फिरवला. पुढे ते गृहमंत्री आणि उपपंतप्रधान झाले. २०१७ साली न्यायालयाने त्या जुन्या सहीसाठी त्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली.

या कथेत जाहीरनाम्यातल्यासारखे ‘शेतकरी विस्थापित झाले’ असे काही नाही. एक म्हातारी आहे, एक मृत्युपत्र आहे, एक सही आहे. कोणी काय केले हे प्रत्येक वाक्यात कळते. पुस्तिका आणि जाहीरनामे एका बाजूला ठेवून मी हा दावा चांगल्या गद्याचा नमुना म्हणून पुढे करतो, आणि यात मला विनोद दिसत नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न येऊन गेला आहे. तेरेखोल हे गोव्याचे गाव, पण नदीच्या अलीकडे, सिंधुदुर्गाला चिकटलेले. तिथल्या काजूच्या पठारावर गोल्फ मैदान आणि हॉटेल येऊ घातले तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला आणि प्रकरण हरित लवाद व न्यायालयापर्यंत गेले. त्या वेळच्या मराठी बातम्या काढून पाहाव्यात. ‘कुळांचे म्हणणे’ आणि ‘विकासकाचे म्हणणे’ असे दोन रकाने, आणि काजू कोणी तोडले हे शोधायला वाचकाला दोन्ही रकाने चाळावे लागतात.

एक सावधगिरी बाळगायला हवी. थायलंडचा गोल्फ म्हणजे केवळ परदेशी पाहुण्यांची चैन असे मानले तर तेही पुस्तिकेवर विश्वास ठेवणेच आहे. बँकॉकच्या डॉन मुआंग विमानतळाच्या दोन धावपट्ट्यांच्या मधोमध हवाई दलाचे अठरा खळ्यांचे मैदान आहे. विमानाच्या खिडकीतून काठी फिरवणारी माणसे दिसतात. असले मैदान पाहुण्यांसाठी कोणी बांधत नाही. आरिया जुतानुगर्न या मुलीच्या आईवडिलांचे बँकॉकजवळच्या एका मैदानावर गोल्फच्या सामानाचे दुकान होते. २०१६ साली तिने ब्रिटिश महिला ओपन जिंकली आणि मोठी स्पर्धा जिंकणारी ती पहिली थाई गोल्फपटू ठरली. तिच्यामागून अनेक जणी आल्या. आपल्याकडे दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकली, तेव्हा मैदानाच्या कडेचा माणूस मध्यभागी येऊ शकतो हे दिसले होते. मात्र थायलंडच्या या मुली दुकानातून आल्या, कॅडींच्या रांगेतून नव्हे, हेही नोंदवले पाहिजे.

या मजकुराचा कळस २०२१ साली झाला. करोनामुळे देशाची दारे बंद होती. जानेवारीत सरकारने काही गोल्फ रिसॉर्टना अशी मुभा दिली की परदेशी खेळाडूंनी विलगीकरणाचा काळ खोलीऐवजी मैदानावर घालवावा. फेब्रुवारीत दक्षिण कोरियाचे ४१ जण नाखोन नायोक प्रांतातल्या एका रिसॉर्टवर उतरले, सुरुवातीचे दिवस खोलीत काढून मग खेळू लागले. देश बंद आणि मैदान उघडे. ‘काळजीपासून दूर’ ही जाहिरातीतली ओळ त्या वर्षी सरकारी आदेशात जाऊन बसली.

दीड वर्षापूर्वी मी स्वतः हुआ हिनला गेलो. भारतीयांना व्हिसा लागेनासा झाला तेव्हापासून आपली माणसे थायलंडला लोटत आहेत; २०२४ साली वीस लाखांहून अधिक गेली. त्यांत पुण्याच्या आठ हौशी गोल्फपटूंचा एक गट माझ्या आतेभावाचा होता. ‘दादा, तू नुसता चल, लिहायला काहीतरी मिळेल,’ म्हणाला. न खेळणाऱ्याचे शुल्क भरून मी मैदानात शिरलो.

पहिली गोष्ट जाणवली ती अशी की हसू दिसतच नाही. उन्हासाठी कॅडींनी नाकापर्यंत कापड बांधलेले असते, वर रुंद टोपी, लांब बाह्या, हातमोजे. दिसतात फक्त डोळे. पुस्तिकेतले हसू छायाचित्रासाठी कापड खाली घेतल्यावरचे. अंगावर नावाच्या जागी क्रमांक असतो. आतेभावाची कॅडी १४७. वयाने चाळिशीची असावी.

दुसरी गोष्ट मला वाचक म्हणून लागली. चेंडू हिरवळीवर आला की ती उकिडवी बसायची, चेंडूमागून खळ्याकडे पाहायची, मग पलीकडे जाऊन उलट्या बाजूने. चेंडू उचलून पुसायची आणि त्यावरची रेघ एका ठरावीक दिशेने लावून परत ठेवायची. मग म्हणायची, ‘वन कप, लेफ्ट.’ म्हणजे खळ्याच्या तोंडाएवढे अंतर डावीकडे धरून मार. रचनाकाराने लिहून ठेवलेला उतार ती रोज वाचते, आणि तिचे वाचन खेळाडूच्या नावावर जमा होते. पाचव्या खळ्यावर आतेभावाला उतार उजवीकडे वाटला. त्याने स्वतःच्या अंदाजाने मारले. चेंडू तिने सांगितलेल्या बाजूनेच घसरत गेला. ‘सॉरी, सर,’ ती म्हणाली. तो तिच्याकडे न बघता पुढे गेला. मी मागे राहिलो, आणि मीही काही बोललो नाही.

खेळ संपल्यावर गटाच्या गाडीचा चालक मदतीला होता, त्याला थोडे इंग्रजी येत होते. त्याच्यामार्फत मी तिच्याशी दहा-पंधरा मिनिटे बोललो. माझा प्रश्न तयारच होता: तुमच्या घरची जमीन मैदानात गेली का? तिने मान हलवली. ती ईशान्येकडची, बुरिरामची. जमीन गावी आहे, भाऊ भात लावतो. जमीन गेलेली नाही, पण तिच्यात सगळ्यांचे भागत नाही. माझ्या लेखाला हवे असलेले उत्तर तिने दिले नाही, आणि क्षणभर मला तिचाच राग आला हे लपवण्यात अर्थ नाही. जाहीरनामा माझ्याही डोक्यात बसलेला होता.

मग उतार वाचायला कोणी शिकवले, असे विचारले. कोणी नाही, म्हणाली. पहाटे पाणी मारतात तेव्हा ते कुठून कुठे ओघळते ते बघत राहायचे. मी वही काढली. तिने चालकाला काहीतरी विचारले. तो म्हणाला, तुमचा गट उद्याही येणार का, असे ती विचारते आहे. पैसे फेरीमागे मिळतात, बक्षिसी धरून. पावसाळ्यात पाळी येईपर्यंत दिवसभर बसून राहावे लागते, आणि पाळी आली नाही तर त्या दिवसाचे काहीच नाही. उद्या आम्ही बँकॉकला जाणार होतो. मी तसे सांगितले. तिने कापड पुन्हा नाकावर ओढले, हात जोडले आणि कॅडींच्या शेडकडे निघून गेली.

परत आल्यावर त्याच पुरवणीचा निरोप आला: जुना मजकूर पुन्हा छापायचा आहे, दर बदलले आहेत तेवढे आकडे नवे करून द्या. मी आकडे बदलले, आणि एक वाक्यही. ‘कॅडी बहुधा बाई असते, चेंडू कुठे वळेल ते तिला खेळाडूच्या आधी कळते, तिचे ऐकावे.’ पुरवणी दिवाळीच्या आधी निघाली. दर नवे होते. खाली छायाचित्र तेच होते, आणि शेजारी छापले होते, ‘कॅडी हसतमुख व तत्पर असतात.’